लांबची खेप

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला कारखान्यात सगळे फुगेवाला म्हणत. ते फुगे विकत नव्हते, हायड्रोजनचा ट्रेलर चालवायचे. पहिल्या दिवशी गाडीवर चढताना कुणीतरी ओरडलं, "जपून हो फुगेवाले, वर उडाल!" आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मी मात्र त्यांना भावोजीच म्हणायचो आणि ते मला दादा.

घाटापलीकडची लांबची खेप बंद पडली त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडून सगळे मोकळे झाले. अजूनही कुणी भेटलं की तेच बोलतं. मी लिहिणारा माणूस नाही. हे नीट उतरेल की नाही याचीही खात्री नाही. पण त्या दिवशी मी तिथे होतो आणि झालं ते लोक सांगतात तसं झालं नाही.

आमचा कारखाना गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी होता. टेकडीवर पवनचक्क्या, खाली माळावर सौर पॅनेल. त्यांची वीज जेव्हा गरजेपेक्षा जास्त होई तेव्हा आम्ही ती स्वस्तात घ्यायचो आणि पाण्यातून हायड्रोजन काढायचो. ऐकायला फार सोपं वाटतं. वारा सुटला की टाक्या भरून जात आणि यंत्रं थांबवावी लागत. वारा पडला की सगळ्या गिऱ्हाइकांना नेमका तेव्हाच गॅस हवा असे. टाक्या वाढवा म्हणावं, तर एकेक टाकी बंगल्याच्या किमतीची.

माझं काम फाटकावरच्या वजनकाट्याचं. नवा होतो तेव्हा मी काटा बिघडल्याची तक्रार केली होती. भरलेला ट्रेलर बाहेर जाताना आणि रिकामा आत येताना जवळजवळ तेवढाच भरायचा. मग भावोजींनी समजावलं. ट्रेलरवर लांबलचक जाड पोलादी नळ्या असतात, त्यांच्यात गॅस प्रचंड दाबाने कोंबलेला असतो, पण त्या सगळ्या गॅसचं वजन चार धट्ट्याकट्ट्या माणसांइतकं. बाकी सगळं लोखंड. "दादा, मी ड्रायव्हर नाही," ते म्हणाले, "मी लोखंडाला फिरायला नेतो."

आमच्याकडे एक पद्धत होती. ट्रेलर परत आला की खिडकीशी थांबायचा आणि मी विचारायचो, "शिल्लक?" नळ्या कधीच पूर्ण रिकाम्या करायच्या नसतात. मीटरवर एक लाल खूण असते, तिच्याखाली दाब जाऊ द्यायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा आत शिरायची भीती. हायड्रोजनमध्ये हवा मिसळली आणि त्यावर पुन्हा दाबाने गॅस भरला, तर काय होईल ते सांगायला भरणारा उरत नाही. म्हणून ड्रायव्हरने शिल्लक दाब सांगायचा, मी तो टिपायचा आणि भरणीवरचा माणूस तेवढ्यावर पाईप जोडायचा. मीटर बघायचा नियम होता, आणि तो बघायचाही, पण बघितल्यासारखं करायचा. ड्रायव्हरचा शब्द हेच मीटर होतं. त्यातही भावोजींचा.

भरणीवरचा माणूस अगदी काडी होता, म्हणून त्याला पैलवान म्हणत. घरी दोन मुली आणि आजारी आई. दिवसभर बडबड.

गिऱ्हाइकं तीन. हायड्रोजनवर चालणाऱ्या बसचा डेपो आणि तारेचा कारखाना गावातच होते. तिसरा घाटापलीकडचा काचकारखाना. तिथे प्रयोगशाळांची भांडी आणि नळ्या बनत. एक खास प्रकारची काच असते, ती साध्या ज्योतीला दाद देत नाही. तिला हायड्रोजनचीच ज्योत लागते. त्या ज्योतीवर काम करणाऱ्या चौघांत एक माझी भाची, भावोजींची थोरली. हात असा की सुट्टीला आली की चहाचा कपही गोल फिरवत धरायची. माझी बहीण म्हणायची, "ठेव तो खाली, तो भाजून झालाय."

काचकारखान्यात साठवायला टाकी नव्हती. भावोजी भरलेला ट्रेलर तिथे उभा करून ठेवत, तोच त्यांची टाकी, आणि आधीचा वापरलेला जोडून परत आणत. आमच्या मॅनेजरबाईंना हेच खुपायचं. बाई वाईट नव्हत्या. हिशेबाला पक्क्या होत्या आणि त्यांच्यावर वरचे लोक होते. एकदा माझ्या खोलीत चहा पिता पिता त्या भावोजींना म्हणाल्या,

"इथे गॅस बनवायला जेवढा खर्च येतो ना, त्याहून जास्त तो घाटापलीकडे न्यायला येतो. जाताना डिझेल, येताना डिझेल. वर एक अख्खा ट्रेलर तिकडे नुसता उभा. तोच ट्रेलर मला इथे मिळाला, तर डेपोला वारा पडला तरी गॅस देता येईल."

"पण बाई, ते लोक पहिल्यापासूनचे आहेत. डेपो नव्हता तेव्हा त्यांनीच आपल्याला जगवलं."

"माहिती आहे. म्हणूनच अजून चालू आहे." बाईंनी कप खाली ठेवला. "एका खेपेत जास्त विकलं जाऊ दे. खेपा कमी होऊ देत. थंडी संपेपर्यंत मला काहीतरी दाखवा, म्हणजे मी वर भांडू शकेन. नाहीतर ही खेप गेली म्हणून समजा."

त्या गेल्यावर भावोजींनी उरलेला चहा संपवला. खेप गेली की काचकारखान्याची ती ज्योत गेली, आणि ज्योत गेली की पोरीचा हात गेला. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. म्हणाले एवढंच, "दादा, साखर फार टाकता हो तुम्ही."

त्या आठवड्यात मी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. भावोजी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून फोनवर पोरीशी बोलत होते.

"लाल खुणेच्या जरा खाली गेलात तरी चालेल. मी सांगतोय ना. जरासंच. पूर्ण नाही. तेवढाच गॅस जास्त वापरला जाईल, मी दोन दिवस उशिरा येईन, कागदावर खेप बरी दिसेल."

पलीकडून ती काहीतरी म्हणाली.

"अगं, ती खूण कायद्याची आहे. खालीही बराच दाब असतो. मी एवढी वर्षं बघतोय."

बहीण पोळपाट धुता धुता म्हणाली, "एवढी वर्षं सगळ्यांना खूण शिकवत आलात, आता पोरीला खूण पुसायला सांगताय?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडतेय? मी आपली उभी आहे."

हसलो आम्ही तेव्हा. मला त्यातलं फारसं कळतही नव्हतं. वजनकाट्यावर बसणाऱ्याला दाबाचं काय कळणार? भावोजी म्हणताहेत म्हणजे ठीकच असेल, असंच मला वाटलं.

दोन खेपा तशा गेल्या. खिडकीवर भावोजी शिल्लक खरीच सांगायचे, खुणेच्या थोडी खाली. पैलवान कुरकुरायचा. "फुगेवाले, फुगा पार चोखून आणलात की हो!" पण भरायचा. मॅनेजरबाईंच्या कागदावर खेप सुधारत होती.

मग वारा पडला. इतका की पवनचक्क्या कुणी रंगवून ठेवल्यासारख्या उभ्या. वर ढगाळ हवा, म्हणजे सौर पॅनेलंही नावालाच. होता तेवढा गॅस बस डेपोला जाऊ लागला, कारण बस थांबली की लोक रस्त्यावर येतात आणि काच थांबली तर कुणाला पत्ताही लागत नाही. लांबची खेप पुढे ढकलली, मग आणखी पुढे. काचकारखान्यात नेमकी मोठी मागणी चालू होती. तो माल वेळेवर गेला असता, तर त्यांनी जास्त गॅस घ्यायचा करार केला असता आणि मॅनेजरबाईंना वर भांडायला खरंच काहीतरी हाती आलं असतं. म्हणून त्यांनी ज्योत चालूच ठेवली. खुणेच्या खाली, आणखी खाली. मग काचकारखान्याला सुट्टी लागली आणि त्याच दिवसांत कडाक्याची थंडी पडली. नळ्यांत उरला होता तो गॅस आक्रसला आणि कुठल्यातरी सैल जोडातून बाहेरची हवा आत ओढली गेली.

सुट्टीनंतर भाचीने ज्योत पेटवली, तर फट् असा आवाज होऊन ती आतल्या आत विझली. तिने तत्क्षणी सगळं बंद केलं. इकडे वारा पुन्हा सुटला होता. दुसऱ्या दिवशी भावोजी भरलेला ट्रेलर घेऊन पोचले, तेव्हा तिने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

"बाबा, आत हवा गेलीय. आवाज आला."

"कुणाला बोललीस?"

"कुणाला नाही. तुमची वाट बघत होते."

"मग बोलू नकोस. मी बघतो."

पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. परतताना घाटात ते एका वळणावर थांबले. ट्रेलरच्या एका नळीचा व्हॉल्व्ह गच्च बसला होता, काचकारखान्यातल्या कुणालाच तो उघडता आला नव्हता. त्या एका नळीत दाब तसाच होता. ती उघडून बाकीच्या नळ्यांना जोडली की सगळ्यांचं मीटर लाल खुणेच्या वर येणार. आत हवा आहे हे मीटर सांगत नाही. मीटरला फक्त दाब कळतो. खेप वाचली असती. त्यांनी पाना काढला आणि व्हॉल्व्ह उघडला.

दुपारी ते खिडकीशी आले. मी नेहमीसारखं विचारलं, "शिल्लक?"

"खुणेच्या वर."

"वा! आज तर पैलवानाची बोलती बंद."

ते हसले नाहीत. फाटक उघडलं तशी गाडी आत नेली. वजनाची पावती खिडकीतच राहिली. भावोजी कधी पावती विसरत नसत. मी ती घेऊन त्यांच्यामागे चालत निघालो. माझे गुडघे तेव्हाही असेच दुखायचे, म्हणून सावकाश.

भरणीपाशी पोचलो तेव्हा पैलवान पाठमोरा वाकून पाईप जोडत होता आणि तोंडाची टकळी चालू होती.

"काय फुगेवाले, पोरगी कशी आहे? माझी धाकटी विचारत होती, ती ताई काचेचं बदक करून देणार होती त्याचं काय झालं? रोज डोकं खाते. बदक, बदक, बदक."

पैलवानाने पाना फिरवला. एक आटा, दुसरा आटा.

"सोड," भावोजी म्हणाले.

"काय?"

"पाईप सोड. हात काढ. बाजूला हो."

पैलवान हसत वळला. त्यांचा चेहरा पाहून त्याचं हसू तिथेच गेलं. पाईप काढून खाली ठेवून तो चार पावलं मागे आला. भावोजी पायरीवर बसले.

"आत हवा आहे. मीटर मी वर आणलंय."

पैलवानाने टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, पाणी द्या हो यांना." आणि पाणी मी आणेपर्यंत त्याने पाईप लांब कोपऱ्यात ओढून नेला.

मॅनेजरबाई आल्या. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्यांनी एकच विचारलं, "तिकडे कुणाला माहिती होतं?"

"कुणाला नाही. मीच वापरायला सांगितलं, मीच लपवलं."

"ज्योत विझली असेल तर कुणालातरी कळलंच असेल."

"मला कळलं, बाई. एवढंच लिहा."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तेवढंच लिहिलं.

तो ट्रेलर बाजूला उभा केला. आतला सगळा गॅस सोडून द्यावा लागला, नळ्या दुसऱ्या वायूने धुवाव्या लागल्या, तपासणीला बाहेरची माणसं आली. ट्रेलर अडकला म्हणून डेपोला गॅस अपुरा पडला, बस उभ्या राहिल्या. थांब्यावर लोक आम्हाला शिव्या देत होते. मी स्वतः एका थांब्यावर उभं राहून त्या ऐकल्या आणि मान डोलावली. दुसरं काय करणार?

थंडी संपायच्या आतच लांबची खेप बंद करायचा निर्णय आला. भावोजींना घाटावरून काढून गावातल्या गावात ठेवलं. कारखाना ते डेपो, डेपो ते कारखाना. एवढीशी वाट, तीन सिग्नल. लोक म्हणू लागले, फुगेवाल्याने खेप बुडवली. मी एकदा धीर करून मॅनेजरबाईंना विचारलं, "त्यांनी हे केलं नसतं तर खेप राहिली असती का?"

"एखादं वर्ष," त्या म्हणाल्या. "मी भांडले असते. पण घाट काही छोटा होणार नव्हता. जिथे गॅस बनतो तिथेच तो वापरला गेला तर परवडतो. नाहीतर वाटेतच सगळा पैसा खाऊन टाकतो." मग म्हणाल्या, "हे त्यांना सांगू नका. किंवा सांगा. मला कळत नाही, काय बरं पडेल त्यांना."

मी सांगितलं. भावोजी म्हणाले, "म्हणजे एका वर्षासाठी मी पैलवानाला मारत होतो."

मी सांगायला नको होतं बहुतेक.

भाची घरी आली ती रागातच. काचकारखान्याने ज्योतीचा विभाग बंद करून चौघांना पॅकिंगला बसवलं होतं. दारातूनच ती बापाला म्हणाली,

"माझं नाव का नाही घेतलंत?"

"कशाला घ्यायचं?"

"आवाज मी ऐकला होता. मी गप्प बसले. तुम्ही एकट्याने चूक केलीत म्हणून सगळीकडे बोलतात आणि मी तिथे पुठ्ठ्याचे खोके चिकटवतेय, ताठ मानेने."

"ताठच ठेव."

"बाबा, मला विचारायचं तरी! दोघांनी सांगितलं असतं."

"तुला विचारलं असतं तर तू तिथल्या तिथेच सांगायला लावलं असतंस," भावोजी म्हणाले. "म्हणून नाही विचारलं."

ती जेवली नाही. बहिणीने दोघांची ताटं वाढून ठेवली आणि स्वतः माझ्याजवळ येऊन बसली. "बघ दादा," ती म्हणाली, "दोघं सारखीच. एक गप्प राहून भांडतो, एक भांडून गप्प होते."

तिकडे उभा असलेला शेवटचा ट्रेलर परत आणायचा होता. घाटाचा नवा ड्रायव्हर नव्हताच, कारण घाटच नव्हता राहिला. मॅनेजरबाईंनी भावोजींना विचारलं, जाल का? ते हो म्हणाले. सोबत कुणीतरी हवं असा नियम झाला होता. मी म्हटलं मी जातो. माझी नोकरी तशीही संपत आली होती.

आम्ही पोचलो तेव्हा काचकारखान्यात उरलेल्या गॅसवर शेवटचं काम चालू होतं. त्यासाठी एका दिवसापुरतं चौघांना पॅकिंगवरून पुन्हा बोलावलं होतं. शेवटी एकच ज्योत राहिली, तिच्यावर भाची. ती ज्योत उजेडात दिसतच नाही. काचच एकदम पांढरी होऊन लकाकायला लागते. ती एक नळी वळवत होती, टोकाशी फुगवत, पुन्हा वळवत. माझ्या शेजारी भावोजी मीटरकडे बघत उभे. काटा खुणेकडे सरकत होता.

नळी अर्धी झाली होती. तिच्या मुकादमाने हळूच म्हटलं, "एवढी एक होऊ दे. जरा खाली गेला तर काय बिघडतंय? शेवटचीच आहे."

भाचीने बापाकडे पाहिलं. भावोजींनी नजर खाली वळवली. काटा खुणेवर आला आणि तिने व्हॉल्व्ह बंद केला. काच हळूहळू लाल, मग काळपट, मग नुसतीच काच झाली. एका बाजूला वाकलेली. ती तिने चिमट्याने उचलून भंगाराच्या पेटीत ठेवली आणि हातमोजे काढून मुकादमाच्या हातात दिले.

ट्रेलर जोडून आम्ही निघालो. ती फाटकापर्यंत आली. बापाला म्हणाली, "पैलवानकाकांना हे द्या." कागदात गुंडाळलेलं बदक होतं.

घाट उतरून आम्ही कारखान्याच्या फाटकाशी आलो.

खिडकीवर माझ्या जागी तात्पुरता कुणी बसला होता. त्याने विचारलं, "शिल्लक?"

"खुणेवर," भावोजी म्हणाले. मग गाडी भरणीपाशी नेऊन ते खाली उतरले. पैलवान पाईप घेऊन आला. भावोजींनी दिलेलं बदक त्याने खिशात ठेवलं आणि नेहमीसारखा वाकू लागला.

"आधी मीटर बघ."

"बघायचं काय त्यात, फुगेवाले? तुम्ही सांगितलंत ना."

"बघ म्हणतो ना."

"अहो, माझा विश्वास आहे."

"तुझा असेल," भावोजी म्हणाले. "नळ्या तपासणाऱ्या माणसाला बोलव. तो येईपर्यंत पाईपला हात लावू नकोस."

पैलवान पाईप खांद्यावर टाकून तसाच उभा राहिला. तपासणाऱ्याला यायला बराच वेळ लागला. तोवर भावोजी ट्रेलरसमोर आडवे उभे होते, हात पाठीमागे बांधून, जणू कुणी जबरदस्तीने गॅस भरायलाच आलं आहे.